‘बघू’ म्हणजे होकार नव्हे

विट्याकडच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं आहे: यंदा अंतर्गत तक्रार समिती आणि महिला कक्ष, दोन्हींची जबाबदारी माझ्यावर आली आहे. प्राचार्य म्हणतात, ८ मार्चला एखाद्या वकीलबाईंना बोलवा, झालं. मुली काहीच बोलत नाहीत. मुलगे ‘लिंगभाव’ हा शब्द ऐकला की हसतात. गेल्या वर्षी पालक मेळाव्यात एकाने थेट विचारलं, ‘पोरींना प्रेम करायला शिकवता का?’ आमच्यासारख्या तालुक्याच्या कॉलेजात स्त्री-पुरुष समानता आणि चांगली नाती याबद्दल वर्षभरात नेमकं काय करावं, आणि सुरुवात कुठून करावी?

मॅडम, तुमच्या प्रश्नातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते ‘मुली काहीच बोलत नाहीत’ हे वाक्य. मी साताऱ्यात राहते. बावीस वर्षं सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या कॉलेजांत मुलामुलींशी याच विषयावर बोलते आहे आणि काही कॉलेजांच्या समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. एवढ्या वर्षांत जे हाती लागलं ते या वाक्यापाशीच सुरू होतं, म्हणून उत्तरही तिथूनच देते.

मुली लाजतात म्हणून बोलत नाहीत, असं आपण धरून चालतो. लाज असतेच, पण ती दोन बैठकांत जाते. जात नाही ती भीती, आणि ती भीती बहुतेक वेळा त्या मुलाची नसते, घराची असते. खटावातल्या नाहीतर जतकडच्या एखाद्या वाडीवरून रोज एसटीने येणारी मुलगी घ्या. एक मुलगा रोज तिच्या मागच्या सीटवर बसतो, स्टँडवर उतरलं की कॉलेजच्या गेटपर्यंत मागून चालतो, कुणाकडून तरी नंबर मिळवून रात्री गाणी पाठवतो. हे घरी सांगितलं तर काय होईल याचा हिशोब तिने केव्हाच मांडलेला असतो. भाऊ त्या पोराला मारायला जाईल. वडील महिनाभर बोलणार नाहीत. पास काढायची वेळ आली की आई म्हणेल, राहू दे आता, बाहेरून परीक्षा दे. मग स्थळं यायला लागतात. त्रास देणारा कुणीही असो, कॉलेज सुटतं ते तिचं. हे तिला आपल्या आधी कळलेलं असतं म्हणून ती गप्प बसते, आणि तिच्या जागी बसून पाहिलं तर ती चुकत नाही.

हे मला कुणी शिकवलं नाही, एका मुलीच्या नुकसानीतून कळलं. सुरुवातीच्या वर्षांत एका कॉलेजात पहिल्या वर्षाची एक मुलगी वर्ग संपल्यावर मागे थांबली आणि असंच काहीतरी सांगू लागली. मी तिला म्हटलं, तुमच्या वर्गशिक्षकांना सांग, ते मदत करतील. तिने सांगितलं. शिक्षकांनीही चांगल्याच मनाने तिच्या वडिलांना फोन केला. सोमवारपासून ती आली नाही. दिवाळीनंतर तिच्या मैत्रिणीने तिची लग्नपत्रिका दाखवली. तो मुलगा मात्र त्याच वर्षी परीक्षेला बसला. तेव्हापासून कुठल्याही कॉलेजने बोलावलं की मी प्राचार्यांना आधी एकच गोष्ट विचारते: एखाद्या मुलीने तक्रार केली, तर तुमच्याकडून पहिला फोन कुणाला जातो? ‘घरी’ असं उत्तर आलं, तर मी मुलींच्या सत्राआधी कर्मचाऱ्यांचं सत्र मागते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की मुलामुलींना नात्यांबद्दल शिकवायच्या आधी कॉलेजातल्या मोठ्या माणसांना ऐकायला शिकवा, आणि ‘तू बोललीस म्हणून तुझं शिक्षण थांबणार नाही’ हे वचन पाळता येईल अशी व्यवस्था उभी करा. हे नसेल तर आपण मुलींना बोला बोला म्हणतो आणि बोलल्याची किंमत त्यांनाच मोजायला लावतो.

जूनमध्ये, प्रवेशाची गर्दी ओसरली की, दोन तासांची एक बैठक घ्या. तिला फक्त प्राध्यापक नकोत. ऑफिसातले क्लार्क, ग्रंथपाल, शिपाई, वसतिगृहाच्या रेक्टर, जिमखान्याचे सर, कॅन्टीन चालवणारे, सगळे हवेत. मला आलेल्या तक्रारींपैकी कितीतरी आधी शिपाई मावशींना माहीत होत्या. मुली स्वच्छतागृहाबाहेर रडतात तेव्हा तिथे प्राध्यापक नसतात, मावशी असतात. या बैठकीत कायद्याची कलमं वाचून दाखवू नका. कुणी काही सांगायला आलं तर पहिली पाच मिनिटं काय करायचं, एवढाच सराव करून घ्या. एकाने सांगणारी व्हायचं, दुसऱ्याने ऐकणारा. पहिल्या फेरीत बहुतेक सगळे ‘तू तिथे गेलीस कशाला’, ‘नंबर दिलास कशाला’ असंच विचारतात. तिथेच थांबवायचं आणि पुन्हा करायला लावायचं. ‘बरं झालं सांगितलंस. आता तुला काय व्हावंसं वाटतं?’ ही दोन वाक्यं तोंडात बसेपर्यंत करायचं. वर्षानुवर्षं हुकूम देणाऱ्या माणसाला ‘तुला काय हवंय’ हे म्हणणं किती जड जातं, ते तुम्हाला त्या खोलीत दिसेल.

एक गोष्ट मात्र इथेच स्पष्ट करते, कारण तुमच्याकडे अकरावी-बारावीही असणार. अठरा वर्षांखालच्या मुलाबाबत किंवा मुलीबाबत लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. त्या वयाची संमती कायदा मानत नाही, मग दोघं एकमेकांच्या मर्जीने भेटत असली तरी. म्हणून अकरावीच्या वर्गात ‘तू सांगशील ते माझ्यापाशीच राहील’ असं वचन कधीही देऊ नका. मी सत्राच्या सुरुवातीलाच सांगते: माझ्यापाशी बरंच काही राहतं, पण अठराच्या आतल्या कुणाच्या शरीराला कुणी त्रास दिला असेल तर मला पुढे सांगावं लागतं, आणि ते कसं सांगायचं हे मी तुझ्याशी बोलूनच ठरवीन. यामुळे काही मुली गप्प राहतात. तरीही पाळता येणार नाही असं वचन देण्यापेक्षा हे बरं. अशा मुलांसाठी १०९८ ही चाइल्डलाइन आहे, तो आकडा फळ्यावर लिहूनच मी निघते.

आता समिती. आपल्याकडे तिला अजून ‘विशाखा समिती’ म्हणतात, १९९७च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावरून. आज ती कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१५ची विनियमावली यांवर चालते. त्या विनियमांतल्या दोन-तीन गोष्टी फार उपयोगी आहेत आणि कॉलेजांत त्या हमखास विसरल्या जातात. तक्रार विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर समितीत तीन विद्यार्थी प्रतिनिधी असावे लागतात, तेही निवडून आलेले. विभागप्रमुख, कुलसचिव अशा वरच्या प्रशासकीय पदांवरच्या व्यक्ती समितीत नसाव्यात, असं स्पष्ट म्हटलेलं आहे. तुमच्या यादीत असं कुणी असेल तर आत्ताच बदलून घ्या, तक्रार आल्यावर ते बदलणं अवघड जातं. चौकशी चालू असताना आरोप असलेल्या शिक्षकाने त्या मुलीचे पेपर तपासू नयेत, तिच्यापासून लांब राहावं, असे आदेश समिती सुचवू शकते. तक्रार घटनेनंतर तीन महिन्यांत करायची असते, योग्य कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते. मुलीला लेखी तक्रार मांडता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचं काम आहे, उपकार नव्हे.

आणखी एक तरतूद आहे, ती मी मुलग्यांच्या वर्गातही सांगते. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला काढून टाकण्यापासून शिक्षा सुरू होते असं नाही. सक्तीचं समुपदेशन किंवा समाजसेवा अशी सुधारणेची शिक्षाही देता येते. हे कळलं की मुली थोड्या मोकळ्या होतात. ‘त्याचं करिअर बरबाद होईल’ हे ओझं त्यांच्यावर घरच्यांपासून मैत्रिणींपर्यंत सगळ्यांनी टाकलेलं असतं. त्याने फक्त थांबावं एवढंच अनेक मुलींना हवं असतं.

समितीवर बाहेरची सदस्य शोधताना कुणाच्या ओळखीची, नात्यातली बाई घेऊ नका. आपल्याकडे माणसांची कमी नाही. सांगलीत संग्राम ही संस्था १९९२पासून काम करते आहे, साताऱ्यात दलित महिला विकास मंडळ आणि लेक लाडकी अभियान आहे. अशा ठिकाणी घासून निघालेल्या कार्यकर्त्या मिळतात.

आता मुलामुलींकडे येते. ‘लिंगभाव’ हा शब्द पहिल्या दिवशी वापरू नका. मुलगे हसतात कारण त्यातला ‘लिंग’ एवढाच त्यांना ऐकू येतो. त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नाही. मी फळ्यावर काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतचं घड्याळ काढायला सांगते, स्वतःचं आणि घरातल्या बहिणीचं किंवा आईचं. मुलगे स्वतःचं पटकन लिहितात. बहिणीचं लिहिताना पेन थांबतं. ती कधी उठते, त्यांना माहीत नसतं. पाणी कोण भरतं, डबा कोण भरतं, ती साडेसहाची गाडी पकडते म्हणजे भाकरी किती वाजता थापते, हे त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. शेजारी बसलेल्या मुली मग आपणहून सांगायला लागतात. तेवढ्या एका तासात जो विषय उघडतो, तो व्याख्यानाने उघडत नाही.

पहिली दोन सत्रं मुली आणि मुलगे वेगवेगळे बसवा, तिसरं एकत्र. सुरुवातीपासून एकत्र बसवलं की मुलगे मुलींसाठी बोलतात आणि मुली अजिबात बोलत नाहीत. चिठ्ठ्यांची पेटी पहिल्याच दिवशी ठेवा, आणि प्रत्येकाने एक तरी चिठ्ठी टाकायची, कोरी चालेल, असा नियम करा. म्हणजे कुणी लिहिलं हे कळत नाही. माझ्या पेटीत वर्षानुवर्षं तेच प्रश्न फिरून फिरून येतात. ती ऑनलाइन असते पण रिप्लाय देत नाही, म्हणजे काय? पासवर्ड मागितला तर देत नाही, म्हणजे दुसरं कुणी आहे का? हस्तमैथुनाने ताकद जाते का, भरतीला पळताना दम लागतो? मित्रांनी पैज लावली म्हणून तिला विचारलं, आता मागे कसं येऊ? मुलींच्या चिठ्ठ्यांत: तो म्हणतो नाही म्हटलीस तर मी जीव देईन. त्याच्याकडे माझे फोटो आहेत. मला लग्नच करायचं नाही, हे कुणाला सांगू?

प्रत्येक चिठ्ठी वाचायची, आणि उत्तर सरळ द्यायचं. हस्तमैथुनाने ताकद जात नाही, दम लागतो तो सरावाचा आणि खाण्याचा प्रश्न आहे, हे मी सांगते तेव्हा मुलग्यांच्या वर्गात सुटकेचा श्वास ऐकू येतो. पहाटे अंधारात रस्त्यावर पळणाऱ्या या पोरांशी शरीराबद्दल आजवर कुणीच धड बोललेलं नसतं. एकदा त्यांना कळलं की ही बाई आपल्याला गुन्हेगार समजून आलेली नाही, की मग पुढचं बोलणं होऊ शकतं.

पुढचं बोलणं म्हणजे नकाराचं. या एका गोष्टीवर मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण माझ्या अनुभवात आपल्याकडच्या बहुतेक त्रासाचं मूळ इथे आहे. आपण नकार कसा देतो ते पाहा. मावशीने घरी जेवायला बोलावलं आणि जायचं नसेल तर आपण ‘नाही’ म्हणत नाही. म्हणतो, ‘बघू’. ‘येऊ की कधीतरी.’ ‘यांना विचारते.’ उसने पैसे मागितले तर ‘बघतो, पुढच्या आठवड्यात सांगतो.’ समोरचाही समजतो की नाही म्हणाला. आपल्या भाषेत ‘बघू’ हा नकाराचा सगळ्यात सभ्य प्रकार आहे, आणि मराठी घरात वाढलेल्या प्रत्येक मुलग्याला तो कळतो. मग मुलीने ‘बघू’ म्हटलं की त्याला तो होकार का वाटतो?

हा प्रश्न मी वर्गात टाकते आणि गप्प बसते. आधी हशा होतो. मग एखादा म्हणतो, मॅडम, मुली सरळ नाही कुठं म्हणतात. मी विचारते, तू दोस्ताला सरळ नाही म्हणतोस का? मग आम्ही नकारांची यादी करतो, त्यांच्याच शब्दांत: बघू. आत्ता नको. अभ्यास आहे. घरी कळलं तर मारतील. हसून विषय बदलणं. बघून न बघितल्यासारखं करणं. मेसेज वाचून उत्तर न देणं. फळा भरतो. सरळ ‘नाही’ म्हटल्यावर काय झालं, हे मुलींनी त्यांच्या सत्रात लिहिलेलं मी, नावं न घेता, इथे वाचून दाखवते: ‘गावात माझं नाव खराब केलं.’ ‘गाडीसमोर गाडी आडवी घातली.’ सरळ नकार तिला परवडत नाही म्हणून ती ‘बघू’ म्हणते, हे मुलग्यांना तेव्हा पहिल्यांदा समजतं.

याच्या जोडीला मी पाहण्याच्या कार्यक्रमाची गोष्ट काढते. पोह्यांच्या ताटल्या फिरतात, मुलीला विचारतात ‘पसंत आहे ना?’, ती मान खाली घालते आणि मामा म्हणतात, मौनं संमतिलक्षणम्. आपण पिढ्यानपिढ्या गप्प बसण्यालाच होकार म्हणत आलो. बसमध्ये मागे बसणाऱ्या मुलाने हे घरातच पाहिलेलं आहे. त्याला दुसरं काही दाखवायचं असेल तर शब्द द्यावे लागतात. म्हणून मुलग्यांकडून मी दोन गोष्टींचा सराव करून घेते. एक, विचारायचं कसं: ‘मला तू आवडतेस. तुला तसं वाटत नसेल तर काही हरकत नाही, मी परत विचारणार नाही.’ दोन, नकार मिळाल्यावर पुढचा आठवडा कसा काढायचा. कुणाशी बोलायचं, तिच्या रस्त्याने जाणं कसं टाळायचं, मित्र चिडवायला लागले तर काय म्हणायचं. नकार मिळालेल्या मुलाला बाकीचे टोळीने टोचतात आणि तिथूनच सूड सुरू होतो. म्हणून मित्रांचं सत्र मला त्या मुलाच्या सत्राइतकंच महत्त्वाचं वाटतं.

मुलग्यांच्या मनात आणखी एक गाठ आहे, तिला हात घातल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘शेतकऱ्याच्या पोराला कोण पोरगी देतंय, पोरींचे भाव वाढलेत.’ हे वाक्य तासगावातही ऐकते आणि कोरेगावातही. त्यामागे खरं दुःख आहे. अशा वेळी मी आकडा लिहिते. २०११च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात शून्य ते सहा वर्षं वयात हजार मुलग्यांमागे ८६७ मुली होत्या. त्या वेळी मोजलेली ती मुलं म्हणजे तुम्हीच, या बाकांवर बसलेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये साताऱ्यात ‘नकुशा’, ‘नकोशी’ अशी नावं असलेल्या २८५ मुलींची नावं समारंभ करून बदलली होती. मग विचारते, मुली कमी झाल्या त्या कुणामुळे? तुमच्या वर्गातल्या मुलींमुळे का? खोली शांत होते. प्रत्येकाला आपल्या भावकीतली एखादी नकुशा आठवते. यानंतर ‘भाव’ हा शब्द त्या वर्गात पुन्हा ऐकू येत नाही, निदान माझ्यासमोर.

चांगलं नातं म्हणजे काय, यावर व्याख्या देऊ नका. काळजी आणि ताबा यांतला फरक त्यांच्या फोनमधून दाखवा. ‘पोचलीस का?’ ही काळजी. ‘कुठं बसलीस, फोटो पाठव, शेजारी कोण आहे?’ हा ताबा. ‘उशीर होतोय, गाडी मिळाली का?’ आणि ‘लोकेशन चालू ठेव.’ ‘ही ओढणी छान दिसते’ आणि ‘जीन्स घालायची नाही, मला चालत नाही.’ मुली यातली ताब्याची वाक्यं प्रेमाची म्हणून सांगतात, कारण वडील आणि भाऊ याच भाषेत बोलतात. ‘तो माझ्यावर इतकं प्रेम करतो की दहा मिनिटं फोन उचलला नाही तर वेडा होतो.’ यावर लगेच ‘हे वाईट आहे’ म्हणू नका, ती त्याच्या बाजूला जाऊन उभी राहील. विचारा, तू दहा मिनिटं फोन उचलला नाहीस तेव्हा त्यानंतरची संध्याकाळ कशी जाते? ती स्वतःच सांगते. ‘जीव देईन’ ही धमकी असेल तर मुलीला एवढंच कळायला हवं की त्याचा जीव वाचवणं तिची एकटीची जबाबदारी नाही. ते मोठ्या माणसाला कळवायचं आणि त्याला १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मोफत मदतीपर्यंत पोचवायचं.

फोटोंचं थोडक्यात, पण नीट लक्षात ठेवा. मुलगी फोटोच्या धमकीबद्दल सांगायला आली तर पहिलं वाक्य ‘फोटो दिलेसच कशाला’ नको. मेसेज खोडू नकोस, तारखेसह स्क्रीनशॉट ठेव, पैसे देऊ नकोस, भेटायला जाऊ नकोस, हे सांगा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांसंबंधी तक्रार नाव न देताही करता येते. भारतीय न्याय संहितेत बाईचे खासगी क्षण चोरून टिपणं आणि ते पसरवणं हा कलम ७७खाली, तर नको म्हटल्यावरही पाठलाग करणं, सतत मेसेज करणं हा कलम ७८खाली गुन्हा आहे. हे मुलग्यांच्या वर्गातही सांगा. पुढे पाठवणाराही गुन्ह्यात येऊ शकतो, हे ग्रुपमध्ये फोटो ढकलणाऱ्या कित्येकांच्या गावीही नसतं.

जातीबद्दल बोलल्याशिवाय हा विषय आपल्या भागात पुरा होत नाही. इथे दोघांचं नातं दोघांपुरतं राहत नाही, भावकी आणि गाव त्यात असतंच. वेगळ्या जातीतली सज्ञान मुलं सल्ला मागायला येतात तेव्हा मी त्यांना पळून जा म्हणत नाही आणि विसरा असंही म्हणत नाही. माहिती देते: वय मुलीचं १८, मुलाचं २१. १९५४च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी जिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा असावा असं सांगितलं आहे. आणि शिक्षण पुरं होईपर्यंत थांबता येतं का, हे दोघांनी वेगवेगळं बसून स्वतःला विचारावं. बहुतेक वेळा थांबता येतं, फक्त तसं कुणी सुचवलेलं नसतं.

तुमच्या वर्गात एखादा मुलगा असेल ज्याला सगळे ‘बायल्या’ म्हणतात. तोही या कामाचा भाग आहे. अनुदान आयोगाच्या विनियमांतही काही मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थी असुरक्षित असतात, हे नोंदवलेलं आहे. वर्गात ती हाक तुमच्या कानावर आली तर तिथल्या तिथे थांबवा, नंतर बोलावून नको. एका शिक्षिकेने एकदा थांबवलं की वर्षभर तो मुलगा समोरच्या बाकावर बसतो, हे मी पाहिलंय.

वेळापत्रकाचं म्हणाल तर सगळं एसटीच्या वेळेला बांधा. तीननंतर ठेवलेल्या सत्राला गावाकडच्या मुली येत नाहीत, आणि जिला सगळ्यात जास्त गरज आहे ती तिथलीच असते. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर सोडू नका. रात्री शेकोटीपाशी, भांडी घासताना जे बोलणं होतं ते वर्गात होत नाही. भांडी मुलग्यांनीही घासायची, हे पहिल्याच दिवशी ठरवा. ८ मार्चला वकीलबाईंना जरूर बोलवा, पण त्यांना आधी चिठ्ठ्या पाठवा आणि त्यांचीच उत्तरं द्यायला सांगा. नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फाइलसाठी फोटो काढावे लागतात, हे मला ठाऊक आहे. मात्र मुलींच्या सत्राचे फोटो काढू नका, दारावरचा फलक आणि हजेरी पुरते.

प्राचार्यांना एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवा. काम नीट झालं तर दुसऱ्या वर्षी तक्रारी वाढतील. वार्षिक अहवालात ‘शून्य तक्रारी’ लिहिण्याची सगळ्यांना सवय आहे, आणि आकडा वाढला की कॉलेजचं नाव गेलं असं वाटतं. तो आकडा विश्वास बसल्याचा असतो. हे आधीच बोलून ठेवलं नाही, तर पहिल्या तीन तक्रारींनंतर तुमचंच काम बंद पडेल.

राहिला तो पालक. ‘ही सगळी पुण्या-मुंबईची थेरं’ असं कुणी म्हटलं तर चिडू नका. सावित्रीबाई १८३१मध्ये खंडाळा तालुक्यातल्या नायगावला जन्मल्या. १९८०च्या दशकात कासेगावच्या इंदुताई पाटणकर आणि त्यांच्याबरोबरच्या बायकांनी नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांचा प्रश्न याच भागातल्या गावोगावी उभा केला. तुमच्या मेळाव्यात बसलेल्या एखाद्या आजीला ते मोर्चे आठवत असतील, तिला बोलू द्या. पालक मेळावा मी शक्यतो ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, ठेवायला सांगते, म्हणजे हे बोलणं आपोआप निघतं.

‘पोरींना प्रेम करायला शिकवता का?’ याला मी असं उत्तर देते: दादा, नको असेल तर नको कसं म्हणायचं आणि दुसऱ्याने नको म्हटलं तर सरळ घरी कसं यायचं, एवढं शिकवतो. तुमचा मुलगाही इथेच शिकतो ना, त्यालाही शिकवतो. आणि मग सगळ्यांसमोर विचारते, तुमच्या मुलीने उद्या घरी येऊन सांगितलं की एक मुलगा त्रास देतो, तर तुम्ही तिचं कॉलेज बंद कराल का? बहुतेक जण खाली बघतात. दोन वर्षांपूर्वी एका मेळाव्यात मागच्या रांगेतले एक वडील उभे राहिले. पायजम्याला उसाच्या रानातला चिखल तसाच होता. म्हणाले, ‘मी नाही करणार बंद. पण बाई, हे तिला कसं कळायचं? मी कधी बोललोच नाही तिच्याशी.’ मी म्हटलं, आज रात्री जेवताना सांगा, तिच्या भावासमोर.